काड्या-बियांसकट

३ मार्च

माझ्या शेंडेफळा,

“ताई, तू एकदा तरी चूक कर गं, म्हणजे आम्हालाही घरात मोकळं वावरता येईल.” हे तू म्हणालीस तेव्हा अकरा वर्षांची होतीस. मी तुझे पाढे तपासत होते. सात आठे छप्पन्नच्या जागी तू चोपन्न लिहिलं होतंस. तू पेन्सिल फेकलीस, ती कपाटाखाली गेली. मी ती शोधून, टोक करून परत तुझ्या हातात दिली, आणि त्यानं तू आणखीच भडकलीस.

आज ते आठवलं म्हणून लिहायला बसले. खरं तर म्हणून नाही. कारण दुसरं आहे, पण तिथवर यायला मला थोडा वेळ लागेल. पत्र फाडणार असशील तर निदान दुसऱ्या पानानंतर फाड.

पत्ता मावशीनं दिला. तिला बोलू नकोस. तीन वेळा जेवायला बोलावलं तेव्हा कुठे तिचं तोंड उघडलं, आणि तेही जाता जाता, चप्पल घालताना.

गांजाचा कायदा बदलणार म्हणतात, ते तुमच्याकडेही चाललं असेलच. इथे तर उठता-बसता तोच विषय. आमच्या प्रयोगशाळेत चहाच्या वेळी रोज दोन तट पडतात. साहेब म्हणतात, “उद्या हे सगळं मोकळं झालं तर आपण काय तपासायचं, चहापत्ती?” लाखवाले काका, म्हणजे पाकिटांची शिवण उसवून परत लाखेची मोहोर लावणारे आमचे म्हातारे मदतनीस, म्हणतात, “मला काय, मी लाख लावतो. आत गवत असो नाहीतर सोनं.” मी कुणाच्याच तटात नसते. सगळ्यांना वाटतं की मी शहाणी आहे म्हणून गप्प बसते.

सरकारनं लोकांचं म्हणणं ऐकायला एक समिती नेमली आहे. प्रयोगशाळेतून एकानं जाऊन माहिती द्यायची आहे. साहेबांनी माझं नाव पुढे केलं. म्हणाले, “तुमचं बोलणं सरळ असतं.”

माझं काम तुला मी कधी नीट सांगितलंच नाही. तू विचारलंसही नाहीस, तुला त्या वासानं मळमळायचं. पोलिसांनी पकडलेला माल कापडात शिवून, लाख लावून आमच्याकडे येतो. वर नाव नसतं, फक्त गुन्ह्याचा नंबर. काका शिवण उसवतात. मी माल कागदावर पसरते आणि चिमट्यानं वेगळा करते. फुलोरा एकीकडे, काड्या, बिया आणि जून पानं दुसरीकडे. कायदा मोजतो तो फक्त फुलोरा. त्याचं वजन एक किलोच्या खाली असलं तर वर्षभराची शिक्षा, वर गेलं तर आठ वर्षं. मग भिंगाखाली पानावरचे केस बघायचे, अगदी अस्वलाच्या नखांसारखे असतात. मग नळीत रंग जांभळा होतो का ते बघायचं. मग सही.

तुझ्या सुतार नवऱ्याच्या पाकिटाच्या अहवालाखाली माझी सही होती. एक किलो ऐंशी ग्रॅम. वकिलानं कागद पुढे ठेवला आणि तुला ती सही दिसली. न्यायालयाच्या पायऱ्यांवर तू मला विचारलंस, “तुला माहीत होतं?” मी म्हणाले, “पाकिटावर फक्त नंबर असतो.”

ते खरंच आहे. पाकिटावर फक्त नंबर असतो.

या उन्हाळ्यात त्या गोष्टीला अकरा वर्षं होतील. तुझा सुतार कसा आहे? हातात पूर्वीसारखी सफाई आहे का? तुमची ठमी आता माझ्याएवढी उंच झाली असेल.

तुझी
ताई

१२ मार्च

शेंडेफळा,

तुझं उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच, तरी मी रोज पोस्टमनशी उगाच हवापाण्याच्या गप्पा मारते.

आज समितीपुढे जाऊन आले. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर बसतात ते. दारातच दोन टेबलं, एकावर “बाजूने” अशी पाटी, दुसऱ्यावर “विरोधात”. आत जाणाऱ्यानं कुठल्यातरी एका कागदावर सही करायची. मी पेन काढलं आणि दोन टेबलांच्या मध्ये उभी राहिले. कारकून म्हणाला, “बाई, ठरवून यायचं ना घरून. मागे रांग खोळंबलीय.” मी म्हटलं, मी माहिती द्यायला आलेय, मत द्यायला नाही. “मग तसं सांगा की आधी,” म्हणाला आणि मला बाजूच्या दारातून आत सोडलं. सही टळली म्हणून मला इतकं हलकं वाटलं की स्वतःचीच लाज वाटली.

माझ्या आधी एक निवृत्त परिचारिका बोलली. शेवटच्या दुखण्यातली माणसं कशी तळमळतात ते तिनं सांगितलं. आवाज अजिबात न चढवता, औषधाच्या वेळा सांगाव्यात तसं. ऐकताना मला मनापासून वाटलं, द्या बाबा मोकळं करून, कोणाचं काय जातंय.

मग एक बसचालक बाई उठली. तिचा नवरा तरुणपणापासून ओढतो. पाच वर्षांपूर्वी त्याच्या डोक्यात शिरलं की बायको जेवणात काहीतरी घालते. आता तो फक्त स्वतः फोडलेल्या पुड्यातलं खातो. ती म्हणाली, “बंदी होती तेव्हाही याला कोपऱ्यावर मिळत होतं. मग तुमच्या बंदीनं मला काय दिलं? आणि उद्या दुकानात मांडाल, तेव्हा तरी मला काय देणार? मला दोन्हींचा राग आहे. बाहेर दोनच कागद ठेवलेत. मी सही कुठे करू?”

हसले लोक. ती हसली नाही. आणि मला मनापासून वाटलं, नको, मुळीच मोकळं करू नका. एका तासात दोनदा मनापासून वाटलं मला, दोन टोकांचं.

अध्यक्षबाई पूर्वी न्यायाधीश होत्या. त्यांनी मला विचारलं, “एकवीस वर्षं हे झाड हाताळताय. तुमचं स्वतःचं मत काय?”

मी म्हणाले, “माझ्याकडे मत नाही, बाई. माझ्याकडे वजन आहे.”

पुन्हा सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

मग त्यांनी विचारलं, “वजन करताना काड्या-बिया वेगळ्या करता ना? नेहमी?”

“हो,” मी म्हणाले. “नेहमी.”

ते “नेहमी” माझ्या तोंडून इतक्या पटकन निघालं की लघुलेखक अजून आधीच्या वाक्यावरच होता.

येताना बाबा आठवले. तुझ्या पुढच्या खोलीतली त्यांची खाट, खिडकीकडे पाय. मी रविवारी यायचे, सफरचंदं चिरायचे आणि संध्याकाळी निघायचे. बाकीचे सहा दिवस तू काढायचीस. एका रविवारी ते गाढ झोपले होते, कितीतरी दिवसांनी. तू म्हणालीस, “नवीन औषध आहे.” मी म्हटलं, “बरं झालं.” पेल्यात दुधाचा साका उरला होता. तो मी विसळून पालथा घातला.

शेंडेफळा, मी त्या वासाची बाई आहे. माझ्या ओढणीला तो वास येतो म्हणून बसमध्ये बायका सरकून बसतात. पेल्याला कसला वास होता हे मला कळलं नाही, असं कसं होईल? कळलं होतं. तुझ्या सुतारानं कारखान्यामागे झाडं लावली आहेत हेही त्यातच आलं. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मला कळलं असतं.

आणि तरी सांगते, शेवटच्या आठवड्यात बाबा मला ओळखत नव्हते. मला ते “तिकीट काढलं का” असं विचारत राहिले. ते दुखण्यानं की त्या पानानं, मला आजही ठाऊक नाही. तुला ठाऊक आहे का?

ताई

२० मार्च

शेंडेफळा,

काल कार्ड आलं. अक्षर बघून आधी वाटलं कुणी लाकडाचं माप लिहून पाठवलंय. तुझ्या सुताराचं होतं. तुला त्यानं दाखवलं नसेल म्हणून उतरवून काढते:

“ताई, पत्रं पोचली. ती उघडत नाही, पण टाकतही नाही, पिठाच्या डब्यावर ठेवते. मी वाचतो. बाबांचं लिहिलंत, बरं वाटलं. मी आता काही ओढत नाही, खोकला होतो. ठमीला जहाजावरच्या यंत्रांचं शिकायचं होतं. परीक्षेत पास झाली. अर्ज परत आला, घरातल्यांची चौकशी असते तिथे, बापाच्या रकान्यात अडलं. तिनं मलाच चहा करून दिला. तुम्ही तब्येत सांभाळा.”

मी ते कार्ड प्रयोगशाळेत वाचलं, भिंगाच्या टेबलाशी. तीनदा वाचलं. मग काकांना म्हटलं, मला जरा बरं वाटत नाही. ते म्हणाले, “लाखेचा धूर लागला असेल,” आणि खिडकी उघडली.

आता लिहिते. मधे थांबले तर पुन्हा लिहिणार नाही.

ते पाकीट काकांनी उसवून माझ्यापुढे ठेवलं. वर नंबर होता. आत जुड्या होत्या, आणि प्रत्येक जुडी चित्रकलेच्या वहीच्या पानात गुंडाळलेली. दुसऱ्या जुडीवर मांजर होती. पाच पायांची. आदल्याच रविवारी ठमीनं ती माझ्या मांडीवर बसून काढली होती. मी म्हटलं होतं, “अगं, हा पाचवा कशाला?” तर म्हणाली, “चार चालायला आणि एक खाजवायला.”

मला माहीत होतं, शेंडेफळा. पायऱ्यांवर तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले.

नियम सोपा आहे. ओळखीच्या माणसाचा माल आला तर साहेबांना सांगायचं, पाकीट दुसऱ्या टेबलावर जातं. दोन मिनिटांचं काम. पण सांगायचं म्हणजे तोंडानं म्हणायचं, “हा माझ्या बहिणीचा नवरा.” त्या महिन्यात माझी बढती ठरत होती. शिवाय मला वाटलं, माझ्याच टेबलावर राहू दे, माझ्या हातात तरी आहे. म्हणजे मी काय करणार होते? मला अजून माहीत नाही. मदत करणार होते की काय, कोण जाणे.

मी नेहमीसारखं सगळं वेगळं केलं. फुलोरा सहाशे चाळीस ग्रॅम भरला. काड्या, बिया, जून पानं, सगळं मिळून चारशे चाळीस. कच्च्या वहीत दोन्ही आकडे लिहिले. आणि मग मी त्या काड्यांच्या ढिगाकडे बघत बसले. नेहमीपेक्षा मोठा वाटला मला तो. वाटलं, मी जास्तच काढल्या. वाटलं, इतर कुणाचा माल असता तर एवढ्या बारकाईनं बिया वेचल्या असत्या का मी? एकेक काडी त्याच्यासाठी चोरून ठेवल्यासारखी दिसायला लागली. उद्या कुणाला कळलं की हिनं घरच्या माणसाचा माल तपासला आणि वजन किलोच्या रेषेखाली आलं, तर?

मी सगळा ढीग परत एकत्र केला, काड्या-बियांसकट, आणि काट्यावर ठेवला. सहाशे चाळीसवर रेघ मारली.

प्रामाणिक दिसावं म्हणून केलं मी ते. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत तेवढं एकच वजन खोटं आहे, आणि ते मी पक्षपात होऊ नये म्हणून लिहिलं. हे वाक्य मी मनात शंभर वेळा लिहून बघितलं, प्रत्येक वेळी ते मला वेड्या माणसानं लिहिल्यासारखं वाटतं.

तुझ्या सुतारानं वकिलाला गप्प केलं, हे तूच मला ओरडून सांगितलं होतंस. “सही बायकोच्या बहिणीची आहे, एवढं सांगितलं तर माल पुन्हा मोजतील,” असं वकील म्हणत होता आणि हा म्हणाला, “ताईंची नोकरी जाईल, राहू द्या.” पुन्हा मोजलं असतं तर तो वर्षभरात घरी आला असता. सहा वर्षं बसला तो. चांगल्या वागणुकीची दोन सुटली, त्यातही त्यानं तुरुंगाच्या खिडक्या दुरुस्त केल्या म्हणे.

तो काही देव नाही, मला माहीत आहे. शाळा सुटल्यावर दोन तास ठमीला थंडीत फाटकाशी विसरला होता तो, डोळे लाल, आणि तू मला फोन करून रडली होतीस. बाबा गेल्यावर त्यानं ती झाडं उपटून का टाकली नाहीत, हे मला त्याला विचारायचं आहे. पोलीस येईपर्यंत तीन आठवडे होते मध्ये. जुड्या बांधून वाळवत का ठेवल्या? कुणासाठी? याचं उत्तर मला आवडणार नाही असं वाटतं. पण उत्तर काहीही असलं तरी माल सहाशे चाळीस ग्रॅम होता.

तू कधीतरी हे वाचशील तेव्हा ओरड. पत्रात ओरडता येत नसेल तर फोन करून ओरड. नंबर तोच आहे.

ताई

२९ मार्च

शेंडेफळा,

कायद्याचं अजून काही ठरलेलं नाही. पण एक कलम आधीच लागू झालं आहे. रेषेच्या आतल्या मालासाठी चुकीची शिक्षा झाली असेल तर जुना खटला उघडता येतो आणि नोंद पुसली जाते. मुदत एप्रिलअखेरपर्यंत. नोंद पुसली की ठमीला पुढच्या तुकडीत पुन्हा अर्ज करता येईल, हे मी त्या जहाजवाल्यांच्या कार्यालयात फोन करून विचारलं. मी कोण ते सांगितलं नाही.

सोमवारी मी अध्यक्षबाईंकडे गेले आणि “नेहमी” हा शब्द परत घेतला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, “हे लेखी द्याल?” दिलं. कच्च्या वहीच्या पानाची नक्कलही जोडली. रेघेखालचा आकडा स्वच्छ वाचता येतो, मी रेघसुद्धा पट्टी धरून मारली होती. काकांची आद्याक्षरं आहेत त्या पानावर. मी त्यांना विचारलं, तेव्हा बघितलं होतंत का तुम्ही? म्हणाले, “बघितलं होतं. मला वाटलं, तुम्ही करताय म्हणजे नियम बदलला असेल.”

एवढा विश्वास होता लोकांचा माझ्यावर.

साहेबांनी दार लावून घेतलं. “अहो बाई, निवृत्तीला अकरा वर्षं आहेत तुमच्या. ‘नजरचुकीनं’ असं लिहा. एक शब्द घाला. कोणाची नजर चुकत नाही?” मी म्हटलं, “नजर चुकली नव्हती, साहेब. चांगली रोखलेली होती.” ते कपाळावर हात मारून बसले. अजून मी कामावर आहे, पण पाकिटं माझ्या टेबलावर येत नाहीत. दिवसभर मी चिमटे पुसते.

एक गोष्ट मला सुटत नाही. कायदा झाला आणि हे झाड कुंडीत लावायला परवानगी मिळाली, तर ती सहा वर्षं कशाची होती, हे ठमीला कसं सांगायचं? आणि नाही झाला, तर बाबांची ती झोप कुणाच्या खात्यात टाकायची? बसवाल्या बाईंना मी बाहेर गाठलं होतं, म्हटलं, तुम्ही शेवटी सही कुठे केलीत? म्हणाल्या, “दोन्हीकडे. कारकून बोंबलला. बोंबलू दे.” मला तेवढंही जमलं नाही. मी अजून त्या दोन टेबलांच्या मध्येच आहे. हरकत नाही, सगळं कळल्यावरच माणसानं हलायचं म्हटलं तर आपण दोघी मरेपर्यंत अशाच बसू.

सोबत अर्ज आहे. पहिले सहा रकाने मी भरले आहेत, तारखा तपासून घे. सातवा मला भरता येत नाही. तो शिक्षा भोगलेल्यानं स्वतःच्या हातानं भरायचा असतो: चूक कुणाकडून झाली आणि कशी. तो कोरा ठेवला तर अर्ज परत येतो. “चुकून” लिहिलं तर फेरतपासणीला आमच्याच साहेबांकडे येतो, आणि ते प्रेमानं त्यावर बसून राहतील. मुदत निघून जाईल.

म्हणून पाकिटावर मी मोठ्या अक्षरात “ठमीचं काम” असं लिहिलंय. माझं पत्र तू उघडणार नाहीस, पण हे उघडशील. तुझ्या सुताराला जेवणाच्या टेबलाशी बसव, पेन हातात दे आणि सातव्या रकान्यात लिहायला लाव: “माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीनं माझा माल ओळखला आणि माहीत असून खोटं वजन लिहिलं.” एवढंच एक वाक्य. तो मान हलवेल, म्हणेल ताईंची नोकरी जाईल, राहू दे. आणि मी सांगितलेलं काहीही करायचं नाही, असं तू अकरा वर्षांपूर्वीच ठरवून टाकलंयस. दोघंही नाहीच म्हणाल. तरी सांगते, माझ्यावर तक्रार करा.

ताई